दोघींमधलं

स्टेनव्होरचा इनबॉक्स तुंबला म्हणून
मला बोलावलं इसाफ्योर्दुर बंदराच्या कचेरीत.
सकाळचे दहा, बाहेर काळोख तसाच,
खिडकीत धक्क्यावरचा एकुलता पिवळा दिवा
आणि पडद्यावर, न वाचलेले : अकरा हजार चारशे सहा.

मी नेहमीचं बोललो, कंपनीनं पाठ करून घेतलेलं.
मेल एकदाच हातात घ्यायचा.
दोन मिनिटांचं काम असेल तर उरकून टाकायचं,
नाहीतर तारीख लावून यादीत.
आणि इनबॉक्स कसा हवा, तर संध्याकाळी
घासून उपडं घातलेल्या पातेल्यासारखा.

ती म्हणाली, हं.

यादी उघडली. सगळी लालेलाल.
क्रेनचं तेल : मुदत टळून त्रेचाळीस दिवस.
'सूलन' बोटीचं जागाभाडं : स्मरणपत्र दुसरं.
तिसऱ्या शिडीची तुटकी पायरी :
हे घोंगडं दोन हिवाळे भिजत पडलेलं,
दर सोमवारी आठाला वर येतं
आणि ती त्याला पुन्हा आठवडाभर झोपवते.

'पायरी तर मी मागेच बसवून घेतली.'
मग टिक का नाही केली?
'सोमवारी काहीतरी ओळखीचं येतं.'

मी काही बोललो नाही.
पाठवणाऱ्याच्या नावानं मेल लावले,
म्हणजे जाहिरातवाले एका फटक्यात उडवता येतात.
सगळ्यात वर नाव आलं : स्टेनव्होर.
स्टेनव्होरकडून स्टेनव्होरला, तीन हजारांच्या वर.

रात्री ११:५२. दोरखंडाची ऑर्डर. विसरू नकोस.
सकाळी ८:०४. नाही विसरले. तू झोपत जा गं.

रात्री २:१७. वीजबिल. गुडघ्याची गोळी.
सकाळी ८:०३. दोन्ही झालं. वारा फार होता का रात्री?
रात्री १२:४०. होता.

सांगणार होतो की अशानं
एका कामाचे चार मेल होतात, जागा खातात,
शिवाय घरून कचेरीच्या खात्यावर लिहिणं नियमात बसत नाही.
ती माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघत होती.
कॉफी गार झाली होती, दोघांचीही.

एक नियम करून दिला :
तुझ्याकडून तुलाच आलेलं आपोआप बाजूला पडेल,
मोजणीत येणार नाही, पुसलंही जाणार नाही.
फोल्डरला नाव काय देऊ?

तिनं पहिल्यांदा माउसवरचा हात उचलला.
स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.
म्हणाली, लिही, 'दोघींमधलं'.

माझ्या तिकिटावर मी लिहिलं :
जागा मोकळी केली. वेळ पन्नास मिनिटं. काम पूर्ण.

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना आठवलं,
मंगळवारी रात्री मीच मला लिहिलं होतं :
ओड्डूर, मागचे टायर.

उत्तर दिलं नव्हतं.