ऑर्फाची बादली

ओहोळाच्या वळणावर, जिथे कारखाना होता,
तिथे आता झुडपं आणि एक गंजलेलं चाक.
कोपरभर खणलं की काच लागते.
बत्तीस वर्षं या डोंगरांच्या पोटातून कोळसा काढला,
छातीत अजून आहे त्यातला थोडा;
आता गुडघ्यांखाली जुनं पोतं टाकून
गोट्या काढतो.
चाळणीत माती धुवावी, तर आधी लाल दिसतो.
लाल नेहमी आधी दिसतो.

घरी आणून कोमट पाण्यात भिजत घालायच्या.
साबण चालतो, घासणी नको.
मग ओळखायचं:
कात्रीने रस कापल्याची बारीक शिवण दिसली तर यंत्राची;
टोकाला खरखरीत बेंबी असेल
तर सळईवरून हाताने तोडलेली, समुद्रापलीकडची,
कुणा पोराच्या खिशातून इथवर आलेली.
जांभळ्या दिव्याखाली हिरवी पेटली
तर तिच्यात युरेनियम.
पण कुठल्या सालची, कुठल्या भट्टीची,
हे ना पुस्तक सांगतं ना दिवा.
ते ऑर्फा सांगते.

ऑर्फा, माझी बायको, माहेरची स्टॉलनेकर.
सतराव्या वर्षी इथेच निवडायला बसायची.
पुढ्यातून गोट्या घरंगळत यायच्या, अजून ऊबदार,
चांगली पेटीत, खोटाची बादलीत,
आणि पेटीत एक खोटाची सापडली
की शनिवारच्या पाकिटातून पाच सेंट गायब.
"पंचावन्नची," ती म्हणते, चष्मा न लावता,
"त्या उन्हाळ्यात लाल काच संपली होती.
एल्झीने मोटारींच्या मागच्या दिव्यांचा चुरा ओतला भट्टीत,
म्हणून असा आजारी लाल."
गोटी बोटांत एकदा फिरवते.
"मीच फेकलेली."

लोकांना आता हेच हवं.
दोन चिकटलेल्या, शेपूट राहिलेली,
पीळ अर्ध्यावर सोडून भलतीकडे गेलेला निळा.
टोलेडोचा प्रूइट भिंगातून तासभर बघतो
आणि एका जुळीला माझ्या पेन्शनएवढे मोजतो.
टवका उडालेली मात्र त्याला गुळगुळीत करून हवी.
करून देतो. दोन वाट्यांत धरून फिरवायची,
गुलाबी लगदा, पाणी, सहा तास.
टवका जातो, सोबत केसभर गोटीही जाते,
शिवण पुसली जाते,
मग ती कुणाची, कधीची, देव जाणे.
मी चिठ्ठीवर लिहितो: घासलेली आहे.
प्रूइट ती चिठ्ठी पुढे देतो की नाही,
मी विचारलेलं नाही.

परवा त्याच्यासाठी चाळीस गोट्यांचा ट्रे लावून झोपलो.
पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात उजेड.
ऑर्फा, झोप येईना म्हणून,
निवडत बसलेली.
ठक.
मग बराच वेळ काही नाही.
ठक.
सदतीस बादलीत. फरशी पुसायची बादली, तळाशी पाणी.
जुळी, शेपटाची, एल्झीची लाल, सगळ्या.
ट्रेमध्ये तीन उरलेल्या: गोल, साध्या,
पांढऱ्यात हिरवा, कुणी ढुंकून न बघणाऱ्या.

"काय केलंस हे?"
"तीन निघाल्या चांगल्या," ती म्हणाली,
"मिसेस कोगर ओरडणार नाहीत आज."
आणि माझ्याकडे बघून हसली.
म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं,
किंवा नव्हतं.
लग्नाला इतकी वर्षं झाली,
तिच्या हसण्यावरून साल ओळखणं
मला काही जमलेलं नाही.

नऊ वाजता प्रूइट आला.
बादलीच पुढे केली.
त्याने बाही वर सरकवून हात घातला,
एकेक पुसून भिंगाखाली धरली, पैसे मोजले,
आणि जाता जाता म्हणाला, त्या तीन?

"त्या कंपनीच्या आहेत," ऑर्फा म्हणाली,
आणि मूठ मिटली.