मूळ नोंद

करिश्मा आडे आली तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होतो.
"काका, जन्मदाखल्याले अपोस्टील लागते."
मला नुसतं स्टील ऐकू आलं.
म्हटलं, दिग्रसच्या बाजारात मिळंल, वजनावर.
ती खळखळून हसली, मग एकदम गप्प झाली
आणि ओसरीतच फाईल उघडून बसली.

आयर्लंडला चालली पोरगी, नर्स म्हणून.
तिकडं म्हणे माणसांपेक्षा गायी जास्त
आणि म्हाताऱ्यांना उठवून बसवायला हात कमी.

मला तिनं समजावून सांगितलं, पेशंटला सांगतात तसं:
आताच्या ग्रामसेवकाची सही खरी,
असं नोटरी सांगणार.
नोटरी खरा, असं मंत्रालय.
मंत्रालय खरं, असं दिल्ली,
आणि दिल्ली शेवटी मागच्या बाजूला
एक चौकोनी स्टिकर चिकटवते.
"अन् दिल्ली खरी, हे कोण सांगते?"
"ते तिकडचे मानतात, काका. तसा करार हाय."

अडलं होतं ते खालीच.
नागपूरच्या एजंटानं कागद परत पाठवले होते:
मूळ नोंदीत अपत्याचे नाव नाही.

झेरॉक्सवर माझंच अक्षर. निळी शाई, तिरपा र.
नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
तेव्हा पोरीचं नाव ठेवायची घाई कोणाला नसायची
आणि मीही पुन्हा विचारायला गेलो नाही.
सत्तावीस वर्षं ती वहीत
स्त्री
एवढीच होती.

मग मी दिग्रसला गेलो, शर्ट इस्त्री करून.
लिहून दिलं: मी, निवृत्त ग्रामसेवक,
शपथेवर सांगतो की ती स्त्री म्हणजे हीच.
सही करताना हात थरथरला.
नोटरी म्हणाला, जुन्यासारखी करा.

बाहेर चहा घेताना तिनं सहज विचारलं,
"तारीख तं बरोबर हाय ना?"

मी घरपट्टी वसुलीला तांड्यावर गेलो होतो.
झिंगराबाई दाई हापशीवर कोपरापर्यंत हात धूत होती.
"लिहून घे भाऊ, सोमल्याले पोट्टी झाली."
कधी?
"बाजाराच्या दुसऱ्या रोजी. बैलं घरी येत होते."
बाजार शुक्रवारचा, म्हणजे शनिवार.
कोणता शनिवार, हे विचारायच्या आत
ती बादली घेऊन निघून गेली होती.
सायकलच्या सीटवर वही टेकवून मी लिहिलं,
चौदा नोव्हेंबर.
सातही असेल.

करिश्मा सांगत होती, शाळेत बालदिनाला
तिला दरवर्षी एक गुलाब मिळायचा,
वाढदिवस म्हणून एक जास्तीचा.

"बरोबर हाय," मी म्हटलं,
आणि बशीतला चहा फुंकत राहिलो, तो गार झाला तरी.

महिन्याभरानं तिनं मोबाईलवर फोटो पाठवला.
स्टिकर लहानसाच, त्यावर नंबर,
आणि कोण्या साहेबाचं छापील नाव
ज्यानं आमचा तांडा पाहिला नाही, हापशी पाहिली नाही.
मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.
चौदा नोव्हेंबर आता पक्की झाली होती.
मलाही ती खरी वाटायला लागली.

त्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात
झिंगराबाई माझ्या पुढं होती.
यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल.
दुसऱ्या हाताचा ठेवला.
इतकी बाळंतपणं, इतकी राख, इतका सोडा,
बोटांवर रेघच उरली नव्हती.

"ओळख पटत नाही, आजी," दुकानदार म्हणाला,
"पुढच्या सोमवारी या."

मी म्हटलं, अरे, मी ओळखतो हिले.
लिहून देतो पाहिजे तं.

"तुमचं इथं चालत नाही, काका."

झिंगराबाईनं पिशवीची घडी केली,
काखेत धरली.
जाताना मला विचारलं,
"सोमल्याची पोट्टी पोचली का रे तिकडं?"