पाठीवरचं धुणं

विट्याच्या अलीकडे फाटा आहे, थांबा नाही.
चौतीस वर्षं मी तिथे घंटी मारली नाही.
खिडकीतून दिसायचा नुसता माळ,
कुसळं, तरवड, एक वाकडी बाभळ.
"झुंजमाळ," म्हणायचे म्हातारे पॅसेंजर
आणि पुढच्याच वाक्यात कांद्याचा भाव.

आता पेन्शनीत. दर रविवारी सकाळी सातला
त्याच माळावर, हातात खुरपं.
तौफिक मुलाणी, एरवी ग्रामपंचायतीत दाखले काढणारा,
इथला आमचा मुकादम. वयानं माझ्या निम्मा.
पहिल्याच दिवशी बजावलं त्यानं:
तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, शेंदूर तर नाहीच,
दात घासायचा जुना ब्रश आणि पाणी.
घाई असेल त्यानं घरी जावं.

चौतीस वर्षं नुसती घाईच विकली मी.
पहिला दगड उघडायला तीन रविवार लागले.

खालच्या चौकटीत झुंज: ढाल, घोडा, पडलेला एक.
मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा.
वर तो पिंडीपुढं बसलेला, निवांत,
माथ्यावर चंद्र-सूर्य.
दोन टप्प्यांचा प्रवास, भाडं आधीच चुकतं केलेलं.
नाव नाही. गाव नाही. कुणाच्या बाजूचा, तेही नाही.
शाळेची पोरं येतात, सगळ्यात आधी विचारतात,
"आजोबा, जिंकलं कोण?"
मी त्यांना पाण्याची बादली धरायला लावतो.

मोजायची सवय जात नाही.
उभे अकरा, आडवे चार, बांधात गाडलेला एक.
सतरावा सापडला तो हौसाक्काच्या विहिरीवर,
धुण्याचा दगड म्हणून.
तौफिक गेला, परत आला. सरपंच गेले, परत आले.
मग मी गेलो, सुट्ट्या पैशांवरून
बायाबापड्यांशी भांडण्यात आयुष्य गेलेला माणूस.

"दगुड न्या की," ती म्हणाली, "मी काय उरावर घिऊन जानार हाय?
पर मला दुसरा द्या. आन् तो बसवून द्या."

सहा जणांनी पहारी लावल्या.
दगड उताणा झाला तेव्हा कुणीच बोललं नाही.
इतकी वर्षं पालथा होता तो, तोंड मातीत.
माळावरच्या सोळांची नाकं ऊन-पावसानं नेलेली;
ह्याच्या भुवयासुद्धा शाबूत.
कमरेच्या शेल्याची गाठ,
घोड्याच्या आयाळीतला एकेक केस,
आणि ओठ किंचित उघडे,
जसं कुणी हाक मारताना मारताना थांबावं.

हौसाक्का पुढं आली, ओला हात पदराला पुसत.
"आगं बया," एवढंच.
मग जरा वेळानं, आम्हाला नव्हे, त्याला:
"लेकरांची दुपटी धुतली रं तुझ्या पाठीवर.
मालकाची शेवटची वाकळबी."
आणि दगडाच्या कडेवरून, जिथं साबणाचा पांढरा थर होता,
तळवा फिरवला तिनं, दमानं,
आजाऱ्याची पाठ चोळावी तसा.

तौफिकनं थर काढायला ब्रश उचलला,
मग परत बादलीत टाकला.
म्हणाला, मागची बाजू असू द्या अशीच.
नोंदवहीत काय लिहायचं, ते मात्र कुणालाच सुचेना.
शेवटी मीच लिहिलं: क्रमांक सतरा. पाठ झिजलेली, कारण धुणं.

ट्रॅक्टर निघाला तशी मी सवयीनं
फळीवर दोनदा थाप मारली.

आता तो माळावर उभा आहे, पूर्वेला तोंड करून.
मी त्याला रोज ऊन खाताना बघतो
आणि काळजी वाटते, हे नाकही जाणार.
तौफिक म्हणतो वर पत्रा घालू. पैसे बघतोय.

काल हौसाक्का भेटली बाजारात.
नव्या शहाबादी फरशीचं नाव काढू नका, म्हणाली,
लई गुळगुळीत. धुणं ठरत न्हाई तिच्यावर.