सैल दोर

कणकुंबीच्या अलीकडे गाडी थांबली.
खोकली नाही, धूर नाही,
शिफ्ट सुटल्यावर लेथ थांबावी तशी
फिरत फिरत गप्प.
ढोपराहून जेमतेम उंच माझी लाल सॅन स्टॉर्म,
दोनच सीटांची,
फायबरच्या अंगावर तीन जागी एम-सील.

म्हापशाला रताळी उतरवून मनाली परत येत होती.
माझी पुतणी.
पिकअप पांढरा, केए बावीस,
सीटवरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही.
"काय बघालाईस काका, बांध की दोर."

नाक्यावरचा पोलीस चालत आला.
"इदु याव गाडी?"
"नम्म काकांदु री," मनाली म्हणाली.
त्यानं एकाच बोटानं बॉनेटला हात लावला,
दुसऱ्याच्या तान्ह्या पोराच्या गालाला लावतात तसा,
आणि चहा प्यायला निघून गेला.

तिचा पिकअप दीड टन ओढतो.
थंडीतल्या धुक्यात पहिल्या चावीला उठतो.
श्रावणात रात्री दोनला
भातकांड्यांच्या सुनेला त्यानंच सिव्हिलला नेलं,
खाली पोती, पोत्यांवर गादी.
मुलगी झाली.

माझ्या गाडीनं वीस वर्षांत काय वाहिलं?
एकदा दोन किलो बांगडे.
एकदा शेवंता.
पिरनवाडीपर्यंत पदर तोंडात धरून हसत होती;
उतरताना मात्र दोघींनी
हाताला धरून वर ओढली तिला.
"पुन्हा नाही बाई ह्या बशीत."
बशी. तेच नाव पडलं मग गल्लीत.

हिशेब मांडायला बसलो तर
मांडायला काही उरतच नाही.
उद्यमबागेत तीस वर्षं मी
शतांश मिलिमीटर मोजत आलो,
आणि हे एक
मोजायचं राहून गेलं.

दोर ताणला. निघालो.
पुढे तिचा मागचा फळा,
श्री कलमेश्वर प्रसन्न,
डावीकडे मराठीत, उजवीकडे कन्नडात.
मी मागून नुसता स्टेअरिंग धरून,
वरातीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा.

मग जांबोटीकडचा तो लांब उतार.

दोर सैल पडला.
रस्त्याला टेकला, घासला,
आणि बशी आपल्याच वजनानं
पुढे सरकायला लागली.
इंजिन नाही, आवाज नाही,
फक्त कानांतून वारा
आणि चाकांखाली ओल्या पानांची चुरचुर.
फळा जवळ आला. देव मोठा झाला.
ब्रेकवर पाय होता माझा.
दाबला नव्हता.
उजवा हात, खोटं कशाला बोलू,
ओव्हरटेकला वळू बघत होता.

तेवढ्यात पिकअप जरासा पळाला.
फळा लांब गेला.
दोर तसाच सैल.

जांबोटीत भजी खाताना म्हटलं,
"उतारावर घाई कसली गं तुला?"
ती मिरचीचं देठ तोडत होती.
"आरशात दिसालतास की तू," म्हणाली.
"म्हणून तर गिअर बदलला."