हिरवा आला की थांबायचं

माझं काम साधं आहे:
मातीत कर्ब किती, ते सांगायचं.
वाळवलेली, चाळलेली एक ग्रॅम माती,
तिच्यावर नारिंगी द्रावण, मग आम्ल.
चंबू हाताला चटका देतो.
अर्ध्या तासानं ब्युरेटची तोटी सोडायची, थेंब थेंब.
गढूळ, मग जांभळा, निळा,
आणि एका थेंबाला अचानक हिरवा.
हिरवा आला की थांबायचं.
अठ्ठावीस वर्षं मी हेच करते आहे.

कर्ब म्हणजे काही हिरा नाही.
कुजलेली मुळं, तुरीचा पाला, शेण,
कुणाच्या आज्याच्या बैलानं धुऱ्यावर उभ्यानं सोडलेली धार.
हवेतून उतरलेलं
आणि मातीनं धरून ठेवलेलं काहीतरी,
शंभरात अर्धं, फार तर पाऊण.

बेसा-पिपळ्याकडचे नमुने
पूर्वी खोकीभर यायचे.
आता त्या बाजूनं लेआउटवाल्यांचे इंजिनिअर येतात.
त्यांना कर्ब नको असतो,
माती किती फुगते तेवढं हवं असतं.
आमची काळी माती घराला नाठाळ.
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल इतकी फाटते,
पावसात मिटते,
स्वतःच स्वतःला नांगरत राहते.
म्हणून तिला खणून काढतात,
डंपरनं कुठंतरी नेऊन ओततात
आणि खड्ड्यात मुरूम भरतात.
उघडी पडलेली माती श्वास सोडते.
तो लिहायला आमच्या अहवालात रकाना नाही.

एका दुपारी वीज गेली
म्हणून जुनी रजिस्टरं चाळत बसले.
नोकरीचं दुसरं वर्ष. नमुना एकशे बारा.
झिबल चापले, मौजा घोगली.
कर्ब शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी.
शेरा माझ्याच अक्षरात: उत्तम.
खसरा नंबर ओळखीचा वाटला.
घरी जाऊन फ्लॅटची रजिस्ट्री काढली.
तोच.

तिसरा मजला, दक्षिणेला बाल्कनी.
तिथून रोज चौदा किलोमीटर पेट्रोल जाळत
मी मातीचं आरोग्य तपासायला येते.
आमचा सांबार गार गाडीतून येतो,
दोन जिल्हे ओलांडून, प्लास्टिकच्या डब्यात.
झिबलाजी तो सायकलवर आणायचे म्हणे.
जुडीवरचं दव कॉटन मार्केटपर्यंत टिकायचं.

मार्चमध्ये त्यांची धाकटी सून आली, कौतिकाबाई.
नाल्यापलीकडचं अडीच एकर अजून त्यांच्याकडे आहे.
नव्या नकाशात त्याचा हिरवा रंग पिवळा होणार होता.
"शेजारच्यायनं पेढे वाटले," त्या म्हणाल्या,
"पन मले तं वांगे लावाचे हायेत."
पेपरची घडी पुढं केली.
हरकती व सूचना, मुदत तीस दिवस.
"हरकत म्हंजे काय लिवाचं असते, बाई?"

मी माती तपासली. शून्य पूर्णांक एक्याऐंशी.
सही केली, शिक्का मारला,
आणि नियमात बसत नसताना खाली एक ओळ लिहिली:
ही माती आहे तिथेच राहावी.

अर्धी रजा टाकून सोबत गेले.
बाईंनी अर्जाला पाव किलो माती जोडली होती.
खिडकीतला बाबू म्हणाला, असं जोडपत्र लावता येत नाही.
"नोका लावू. ठेवा."
मागं रांग वाढली. कुणीतरी हसलं.
शेवटी त्यानं पिशवीलाच आवक क्रमांक मारला.
शाई प्लास्टिकवर धरेना, पसरली.
पोचपावतीवर लिहिलं: माती, एक पाव.

सुनावणी दोनदा पुढं ढकलली.
पिशवी कपाटावर आहे, असं ऐकते.
वांगी मात्र लागली. कौतिकाबाई शनिवारी आणून देतात,
पैसे मोजून घेतात,
सांबार वरून फुकट.

यंदा आमच्या पार्किंगला पुन्हा भेग गेली.
सोसायटीनं ती सिमेंटनं बुजवायचं ठरवलंय.
मी मीटिंगला गेले नाही.
रात्री टॉर्च घेऊन वाकून पाहिलं.
वर फरशी, मग मुरूम,
आणि फार खाली, उजेड जेमतेम पोचतो तिथं,
काळं.