आधी खरड

बावीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
मी दुसऱ्यांचं वजन करतो.
हळद, गूळ, बेदाणा.
काटा थांबला की आकडा ओरडायचा,
बारदानाचा कडता वजा करायचा,
आपलं मत सांगायचं नाही.

एका संध्याकाळी चप्पल काढून
मीच चढलो काट्यावर.
एकशे चार किलो तीनशे.
सदा हमाल म्हणाला,
"मापाडी, ह्यात माल किती नि कडता किती?"
हसलो. रात्री झोप लागली नाही.

अठराव्या वर्षी तालमीत होतो.
दोन लिटर दूध, वाटीभर तूप, खलबत्त्यात बदाम.
वस्ताद म्हणायचे, आधी भर, मग बघू.
गुडघा गेला, कुस्ती सुटली.
खुराक सुटला नाही.
तो भडंगाच्या पुड्यात शिरला,
लग्नाच्या पंगतीत जिलेबीच्या दुसऱ्या वाढीला हो म्हणाला,
आणि माझ्या कमरेभोवती राहायला आला
भाडं न देता.

विश्रामबागेतल्या जिममध्ये सोहेल मुजावर,
माझ्या थोरल्याच्या वयाचा,
दंडाला हात लावू देईना.
काका, आधी उतरायचं. दंड नंतर.
म्हटलं, दोन्ही एकदम नाही जमणार?
तो म्हणाला, तासगावात बाग आहे ना तुमची?
मेव्हण्याची आहे.
मग एप्रिलात काय करता बागेत?

काय सांगणार. एप्रिलात खरड छाटणी.
भर उन्हात सगळी काडी उतरवायची,
बाग अशी दिसते की रात्रीतनं कुणी लुटून नेली.
फळाची छाटणी ऑक्टोबरात.
खरड चुकली तर फळ धरायला काडीच नसते.
"तेच की," सोहेल म्हणाला
आणि पाण्याची बाटली उचलून दुसऱ्या पोराकडं गेला.

जयमालानं तेलाच्या बरणीला चमचा बांधला.
ब्लाउज मोजायच्या टेपनं माझं पोट मोजलं,
आकडा मला सांगितला नाही,
मशीनच्या झाकणाला आतनं खडूनं लिहिला.
दीड भाकरी, मोडाची मटकी, ताक,
चार अंडी, त्यातलं पिवळं एकच.
बाकीची तीन पिवळी धाकट्यानं खाल्ली.
महिन्याभरात तोच गुबगुबीत दिसायला लागला.

भूक सुरुवातीला पावण्यासारखी यायची,
दारात उभी राहून हाक मारायची.
नंतर हाक मारेना,
सरळ आत येऊन बसायची.
तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना.
बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, काट्यातच खोट आहे.
मिरजेला बारशात बासुंदीच्या तीन वाट्या खाल्ल्या,
तिसरी भांडी घासायच्या जागेजवळ, उभ्यानं.
सोहेलला सांगितलं.
तो म्हणाला, चव कशी होती?

कमरेचा करगोटा ढिला झाला.
आयर्विन पुलावर तालमीतला जुना जोडीदार भेटला,
गाडी थांबवून म्हणाला,
"वाळलास की रे. शुगर निघाली काय?"
अडत्यांनी विचारलं, घरात काही वाद?
चुलतीनं परस्पर जयमालालाच धारेवर धरलं.
चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो,
हे ह्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
बेदाण्याला कुणी विचारत नाही,
बरं नाही का तुला.

काल अठ्ठ्याऐंशी भरलं.
सदानं उगाच दोनदा बघितलं.
सोहेलनं पहिल्यांदा माझ्या हातात लोखंड दिलं,
म्हणाला, सोमवारपासून आणखी एक भाकरी.
आता भरायचं.

सोमवार आजच आहे.
जयमालानं ती वाढीव भाकरी ताटात टाकली,
तव्यावरची, पापुद्रा फुगलेली,
आणि मशीनवर जाऊन बसली, पाठ करून.
सहा महिने जिची वाट बघितली
तिला हात लावायला भीती वाटते.
कुणी चोरट्यानं आत सोडलेला तो जुना भाडेकरू
हिच्याच पदराआडनं परत शिरला तर?

वाफ निघून गेली.
मशीन थांबलं.
मी एक घास मोडलाय,
तो अजून हातात आहे.