नव्याचे चौदा दिवस

आनहोल्टला पार्सलं माझ्याच दुकानात उतरतात.
लोणी, बॅटऱ्या, जाळ्यांचे दोर
आणि मागच्या फळीवर लोकांची खोकी.
बोट ग्रेनोहून निघते, तीन तासांनी पोचते,
वाऱ्याने हो म्हटलं तर.

थ्युराने लॅपटॉप मागवला
तो बाजारात आला त्याच आठवड्यात.
"जन्मभर लोकांनी वापरून सोडलेलं घेतलं,
एकदा तरी पहिली होते," म्हणाली.
सही करताना हात जरा थरथरला तिचा.
थंडी होती, असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी परत आली, खोकं काखेत.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे:
गोल, आणि त्याच्यावर तिरकी रेघ,
चुकलं म्हणून खोडावं तशी.
ते एकटं लिहिलं तरी शब्द पुरा होतो. बेट.
नेमकं तेच उमटत नव्हतं.
दहादा दाबावं, काही नाही. अकराव्यांदा
एकदम तीन.
"एवढी बेटं मी ठेवू कुठे?" थ्युरा म्हणाली.
मी हसलो. मग माझ्या फळ्यांकडे नजर गेली.
पाव, लोणी, बिअर,
सगळ्यांच्या पोटात तेच अक्षर.
ते गेलं तर माझं अर्धं दुकान वाचता येणार नाही.

नव्याचे नऊ दिवस तर सगळीकडेच असतात,
कंपनी वर पाच देते.
त्यांतले चार वाऱ्याने खाल्ले.
बोट बंद, खोकं फळीवर,
आणि थ्युरा रोज येऊन त्याच्याकडे बघून जायची,
दवाखान्यात कोणी ठेवल्यासारखी.

तक्रार लेखी हवी होती.
ती तिने त्याच यंत्रावर लिहिलेली, खोक्यात घालायच्या आधी.
उत्तर आलं, अतिशय सभ्य:
आपला मजकूर नीट कळला नाही,
शुद्धलेखन तपासून पुन्हा पाठवावा.

तरी एकोणिसाव्या दिवशी बदली यंत्र आलं.
नवं सील, नवी फिल्म,
सोलताना तो कोरा चर्र आवाज.
थ्युराने ते हळूच उलटं केलं.
तळाच्या रबरी पायाजवळ पेन्सिलीची बारीक फुली.
मीच तिला मारायला सांगितली होती.
माझा बाप मासळीच्या पेट्यांवर मारायचा,
आपलीच पेटी परत आली का कळायला.

आलीच होती.

मला वाटलं ओरडेल. तिने चीज कापायची सुरी मागितली.
हेरिंगच्या बरण्या सरकवून, काउंटरवर,
ती कळ तिने उचकटली, नखाएवढी.
खाली एक केस.
काळाभोर, लांब, वेटोळं घालून बसलेला.
बेटावर एवढा काळा केस कोणाचाच नाही.
कुठल्या तरी दिव्यांनी पांढऱ्या पडलेल्या हॉलमध्ये
पाळी संपत आलेली, टोपीतून एक बट सुटलेली,
आणि पट्टा थांबत नाही म्हणून
तिला मागे सारायला हात मोकळा नाही.
केसाने गळा कापतात म्हणे.
इथे एका अक्षराचा दाबला गेला होता,
आणि ज्याचा केस, त्याला पत्ताच नाही.

कळ परत बसवताना तिचा एक दात मोडला.
आता जरा तिरकी बसते.
"उघडलंस ना, आता ते घेणार नाहीत," मी म्हणालो.
"घेतलं होतं तेव्हा काय केलं?" थ्युरा म्हणाली,
आणि एका बोटाने दाबलं.
एकदा. एकच उमटलं.

परतीच्या अर्जात कारणांचे सात रकाने होते.
ह्याच्यासाठी एकही नव्हता.

केस माझ्याकडे आहे, पावतीत गुंडाळून,
गल्ल्यात, परदेशी नाण्यांच्या खणात.
कोणी मागायला आलंच तर
मी काही मुदत ठेवलेली नाही.